हार्ट जास्त जोर लावतंय, हाच आजार

[स्क्रीनवर: हृदयाचा आडवा छेद, मधली भिंत एका बाजूने जाड]

हार्टचा आजार म्हटलं की आपल्याकडे पहिलं डोक्यात काय येतं, ब्लॉकेज. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास, आणि मग शेजारचे काका येऊन सांगणार तेल कमी करा. पण आजचा आजार रक्तवाहिन्यांचा नाहीच आहे, हृदयाच्या स्नायूचा आहे, नाव जरा अवघड, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, डॉक्टर लोक एचसीएम म्हणतात, आपणही तेच म्हणू. यात हृदयाची भिंत जाड होते, बहुतेक वेळा खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा, ज्याला सेप्टम म्हणतात. एरवी ही भिंत साधारण १२ मिलीमीटरच्या आत असते, यात ती १५ किंवा जास्त होते, काही पेशंटमध्ये ३० च्या पुढे. बीपी नाही, झडप अरुंद नाही, म्हणजे भिंत जाड व्हायला दुसरं काही कारण सापडत नाही आणि तरी जाड.

आणि यातली उलटी गोष्ट अशी की हे हृदय कमजोर नसतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग बघाल तर मस्त, ६५, ७० टक्के, घरचे रिपोर्ट बघून खूश होतात. पण ते आकुंचन पावतं जोरात आणि सैल पडायला मागत नाही, त्यामुळे नीट भरत नाही, आणि भरलंच नाही तर बाहेर काय टाकणार. म्हणून जिना चढताना दम, छातीत दुखणं, धडधड, कधी एकदम डोळ्यापुढे अंधारी. आणि बऱ्याच जणांना काहीच होत नाही, वर्षानुवर्षं.

[स्क्रीनवर: लंडन, १९५८]

हा आजार नीट लक्षात आला तो पोस्टमॉर्टमच्या टेबलावर. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड टिअर, फॉरेन्सिकमधलं मोठं नाव, पुढे जिमी हेंड्रिक्सचं पोस्टमॉर्टमही यांनीच केलं. १९५८ साली टिअर यांनी आठ तरुण पेशंटची नोंद छापली, सगळ्यांचा सेप्टम विचित्र जाड, आणि आठपैकी सात जण अचानक गेलेले. मायक्रोस्कोपखाली स्नायूचे धागे एका ओळीत नव्हते, वेडेवाकडे एकमेकांत गुंतलेले होते, टिअर यांना तर आधी ही एक प्रकारची गाठच वाटली. दोनच वर्षांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढचा पेपर छापला आणि त्यात एक अख्खं कुटुंब होतं. म्हणजे घराण्यातून उतरणारा आजार आहे हे १९६० लाच दिसलेलं होतं, हे लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी इथेच यायचंय.

आता अमेरिका, वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा, सरकारी संशोधन संस्था एनआयएच. तिथे कार्डिऑलॉजिस्ट युजीन ब्राऊनवाल्ड आणि सर्जन ग्लेन मॉरो ही जोडी. एका पेशंटच्या डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवर अडथळा आहे असं प्रेशरच्या मोजणीत स्पष्ट दिसत होतं, म्हणून मॉरो यांनी ऑपरेशन करून हृदय उघडलं, आणि अडथळाच नाही! हात घालून बघितलं तरी काही नाही. कारण काय तर अडथळा कायमचा नसतोच, धडकत्या हृदयातच तयार होतो. सेप्टम फुगलेला, वाट आधीच चिंचोळी, रक्त त्यातून वेगाने जातं आणि जाताना मायट्रल झडपेचा, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचा, पडदा पुढे ओढला जाऊन सेप्टमला टेकतो, वाट बंद. हृदय थांबवलं की अडथळा गायब. मग मॉरो यांनी सेप्टमचा फुगलेला भाग कापून काढायचं ऑपरेशन बसवलं, मायेक्टमी, त्यांचं नाव त्याला आजही आहे आणि सराव असलेल्या सेंटरमध्ये यात मृत्यूचं प्रमाण आता एक टक्क्याच्याही खाली आहे. स्वतः मॉरो यांना हाच आजार निघाला. १९८२ मध्ये ते त्यातच गेले.

मधली दोन पावलं पटकन सांगतो. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनमध्ये उलरिश सिगवार्ट यांनी छाती न उघडता कॅथेटरमधून सेप्टमच्या बारीक रक्तवाहिनीत शुद्ध अल्कोहोल सोडलं, काही मिली, तेवढा स्नायू मेला, भिंत बसली. मुद्दाम केलेला छोटा हार्ट अटॅकच तो, आणि काहींना नंतर पेसमेकर लागतो. दुसरं म्हणजे आयसीडी, छातीत बसवायचं मशीन, हृदयाची लय भयंकर बिघडली की आतूनच शॉक देतं. २००० साली बॅरी मॅरन यांच्या टीमने एचसीएमच्या १२८ पेशंटचा अभ्यास छापला आणि या मशीनने खरंच जीव वाचतात हे दिसलं.

पण बघा, कापणं, जाळणं, शॉक देणं, हे सगळं भिंत जाड झाल्यानंतरचं आहे. भिंत जाड होतेच का, याला हात कोणीच लावला नव्हता.

[स्क्रीनवर: क्यूबेकचा नकाशा, मग वंशावळ]

त्याचं उत्तर कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या एका मोठ्या फ्रेंच भाषिक कुटुंबाने दिलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातली माणसं तरुणपणी अचानक जायची, डॉक्टरांनी १९६१ मध्येच त्यांची वंशावळ मांडून ठेवलेली. बोस्टनमध्ये क्रिस्टीन आणि जॉनथन सायडमन या नवराबायकोच्या लॅबने त्याच कुटुंबाच्या रक्तावरून १९८९ मध्ये गुणसूत्र १४ पर्यंत माग काढला आणि १९९० मध्ये नेमकी चूक पकडली, मायोसिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्ये डीएनएचं एक अक्षर बदललेलं. एक!

मायोसिन म्हणजे काय तर स्नायू आखडतो तो याच्याच जोरावर. रस्सीखेच डोळ्यासमोर आणा, दोर म्हणजे अ‍ॅक्टिन नावाचं दुसरं प्रोटीन, ओढणारे गडी म्हणजे मायोसिनची डोकी, आणि नॉर्मल हृदयात दर ठोक्याला सगळे गडी ओढत नाहीत, बरेचसे बाजूला बसून राहतात. एचसीएममध्ये बसायला कोणी तयारच नाही. नको तेवढे गडी दोराला, मग आकुंचन प्रमाणाबाहेर, एनर्जी जास्त खर्च, सैल पडणं अर्धवट.

सायडमन दांपत्य, स्टॅनफर्डचे जेम्स स्पुडिच आणि कोलोरॅडोच्या लेस्ली लाइनवँड यांनी मिळून मायोकार्डिया नावाची कंपनी काढली, डोक्यात एकच गोष्ट, या गड्यांपैकी काहींना परत बसवणारी गोळी. २०१६ मध्ये उंदरांवरचा निकाल आला, गोळी लवकर सुरू केली तर भिंत जाड व्हायची थांबते. गोळीचं नाव मावाकॅमटेन.

माणसांवरची मोठी ट्रायल २०२० मध्ये छापून आली, एक्सप्लोरर नावाची, १३ देशांत वाट अडणारे २५१ पेशंट, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, ३० आठवडे. व्यायामाची ताकद आणि लक्षणं मिळून ठरवलेली सुधारणा गोळीवाल्यांत ३७ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १७ टक्क्यांना. म्हणजे फायदा आहे, पण ज्यांना या मापाने फायदा झाला नाही तेही बरेच, हे बातम्यांत कोणी फार बोललं नाही. मला जास्त पटली ती दुसरी ट्रायल, व्हॅलर, २०२२. यात ११२ पेशंट असे घेतले की ज्यांना ऑपरेशनच सांगितलेलं होतं. १६ आठवड्यांनी बघितलं तर नुसत्या गोळीवाल्यांत ७७ टक्के अजूनही ऑपरेशनच्या यादीत बसत होते, मावाकॅमटेनवाल्यांत १८. पेशंटला समजेल असा निकाल आहे हा, टेबलावर जायचं का नाही.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने औषध मंजूर केलं, तोपर्यंत कंपनी १३.१ अब्ज डॉलरला विकली गेली होती, आणि गोळीची किंमत लावली वर्षाला सुमारे ८९,५०० डॉलर, तेव्हाच्या भावाने ६८ लाखांच्या आसपास, त्यावर आपण काही न बोललेलं बरं. शिवाय गोळी घेतली आणि विसरलो असं नाही चालत, गडी प्रमाणाबाहेर बसले तर पंपिंगच पडतं, म्हणून ठरावीक अंतराने इको आणि पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली गेलं की औषध थांबवायचं. आणि इथे आपला संबंध येतो. हे औषध शरीर ज्या एन्झाइमने मोडतं, सीवायपी२सी१९, ते काही लोकांत जन्मतःच मंद असतं, भारतीयांमध्ये असे लोक युरोपियनांपेक्षा जास्त, आणि त्यांच्यात औषध साठून राहतं. युरोपात म्हणून आधी जीन टेस्ट करून मग डोस ठरवतात. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल, जी आपल्याकडे लोक चिठ्ठीशिवाय रोज खातात, तीही हेच एन्झाइम थोडं मंद करते. एक्सप्लोररमध्ये दहातले नऊ पेशंट गोरे होते, आता तुम्हीच बघा.

अजून एक. ज्यांच्यात वाट अडत नाही, फक्त भिंत जाड आहे, अशा ५८० पेशंटवर हीच गोळी दिली, निकाल २०२५ मध्ये आला आणि ट्रायल फेल गेली. अडथळा असलेल्यांसाठी याच जातीचं दुसरं औषध, आफिकॅमटेन, त्याची २०२४ ची ट्रायल चांगली झाली. म्हणजे औषध आलं तरी अर्धा रस्ता अजून बाकी आहे.

[स्क्रीनवर: हैदराबाद, सीसीएमबी]

आता आपल्याकडचं. २००९ च्या जानेवारीत भारतातल्या वर्तमानपत्रांत हेडलाइन आली होती, कोट्यवधी भारतीयांत हृदय बंद पाडणारा जीन. संशोधन खरं होतं, पेरुंदुराई धंडापाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि सहकारी यांचं, नेचर जेनेटिक्समध्ये छापलेलं. एमवायबीपीसी३ नावाच्या, हृदयाच्या स्नायूतल्याच एका प्रोटीनच्या जीनमधली २५ अक्षरं गळालेली, आणि हा बदल दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत. शंभरातले चार! साहजिकच लोक घाबरले. पण नंतर, विशेषतः २०२० च्या सुमाराला, मोठ्या गटांवर परत तपासलं तेव्हा चित्र बदललं. ती २५ अक्षरं एकटी गळालेली असतील तर धोका फारसा दिसत नाही, खरा धोका मुख्यतः त्यातल्या थोड्या लोकांत डीएनएच्या त्याच तुकड्यावर सोबत बसलेल्या दुसऱ्या दुर्मीळ बदलाचा आहे. हेडलाइन पहिल्या पेपरची झाली, दुसऱ्याची कुठे झाली? आज कोणी हौसेने जीन टेस्ट करून घेतो, रिपोर्टमध्ये ही ओळ येते आणि घरात रडारड. त्या एका ओळीवरून तुम्हाला आजार आहे असं ठरत नाही, इको करा, डॉक्टरला दाखवा.

अशीच भीती मृत्यूच्या आकड्यांचीही होती. जुन्या पुस्तकांत दरवर्षी शंभरात तीन ते सहा पेशंट दगावतात असं असायचं, कारण ते आकडे मोठ्या हॉस्पिटलांचे, जिथे सगळ्यात बिकट केसेस पाठवल्या जायच्या. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांतल्या ४,१११ साध्यासुध्या तरुण माणसांचे इको तपासले तर सातांना एचसीएम निघाला, म्हणजे साधारण पाचशेत एक, आणि यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता. आता उपचार मिळाले तर वार्षिक मृत्यूदर एक टक्का किंवा त्याहूनही कमी धरतात.

व्यायामाचंही तसंच. २००३ मध्ये फ्रान्समध्ये लियाँच्या मैदानावर कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए चालू मॅचमध्ये कोसळून गेला, २८ वर्षांचा होता, पोस्टमॉर्टममध्ये एचसीएम. अशा घटनांच्या भीतीने निदान झालं की पळणं बंद, खेळ बंद, कित्येकांना तर जिनाही बंद. २०२३ मध्ये १,६६० जणांच्या अभ्यासात जोरात व्यायाम करणारे आणि मध्यम व्यायाम करणारे यांच्यात गंभीर घटनांचा फरक दिसला नाही. याचा अर्थ उद्यापासून मॅरेथॉन असा नाही, त्या लोकांवर तज्ज्ञांची नजर होती, पण घाबरून सोफ्यावर बसून राहणं हाही उपचार नाही.

[स्क्रीनवर: साधी इको रूम, मॉनिटर]

आता १९६० चं ते कुटुंब आठवा. एचसीएम सहसा असा उतरतो की आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो बदल मिळायची शक्यता निम्मी, मुलगा-मुलगी फरक नाही. आणि तरी आपल्याकडे होतं काय, एकाला निदान होतं, सगळं घर त्याच्या फाईलमागे धावतं आणि त्याच्या सख्ख्या भावाचा साधा ईसीजीसुद्धा कोणी काढत नाही. माझं स्पष्ट मत आहे, लाखांच्या गोळीची बातमी फॉरवर्ड करण्यापेक्षा ईसीजी आणि टूडी इको, कुठल्याही जिल्ह्याच्या गावात होणाऱ्या या दोन टेस्ट घरातल्या बाकीच्यांच्या करणं जास्त उपयोगाचं आहे.

बाकीचे म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं. पेशंटमध्ये जीनमधला नेमका बदल सापडला असेल, जो निम्म्याअधिक वेळा सापडतही नाही, तर नातेवाइकांत तोच शोधता येतो आणि ज्याला तो नाही त्याची या फेऱ्यांतून सुटका. सापडला नसेल तर मग इकोच, मुलांमध्ये आणि वयात येणाऱ्या पोरांमध्ये वर्ष-दोन वर्षांनी, मोठ्यांमध्ये तीन ते पाच वर्षांनी, कारण पहिला इको नॉर्मल आला तरी भिंत नंतर जाड होऊ शकते. इको करताना घरात कोणाला एचसीएम आहे हे आधीच सांगा, कारण नातेवाइकांमध्ये १३ मिलीमीटरलाही डॉक्टर सावध होतात, आणि जोर लावून श्वास रोखायला सांगून वाट अडते का तेही बघतात. जुने रिपोर्ट सोबत न्या, भिंत वाढली का हे आधीच्या मापाशी ताडूनच कळतं.