कर्क्युमिनची कसोटी

ही सांगलीची हळद. हिला पिवळेपणा देणारा रेणू म्हणजे कर्क्युमिन; वजनाने हळदीच्या साधारण २ ते ५ टक्के. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर तो काम करतो का, हे तपासायचं आहे. आणि तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतो तो हाच रंग.

कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून ३.६८ मिलिग्रॅम भुकटी १ मिलिलिटर डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात विरघळवायची. झालं १० मिलिमोलरचं मूळ द्रावण (मोलर हे द्रावणातल्या रेणूंच्या दाटीचं माप; मिलिमोलर त्याचा हजारावा भाग, मायक्रोमोलर दशलक्षावा). उजेडात रेणू तुटतो, म्हणून नळीला फॉइल.

आता पेशी. एचसीटी-११६, माणसाच्या आतड्यातल्या गाठीपासून वाढवलेल्या. ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये दर वेलला ५,००० पेशी, १०० मायक्रोलिटर माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात. रात्रभर त्यांना तळाला चिकटू द्यायचं. कडेच्या वेलमध्ये मात्र पेशी नाहीत, नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण. तिथलं पाणी लवकर उडतं, माध्यम दाट होतं आणि पेशी औषधाविनाच खंगतात.

मात्रा किती? रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन सात दिवस घेतलेल्या रुग्णांच्या गाठीत ते ग्रॅममागे सुमारे ७.७ नॅनोमोल सापडलं होतं. रक्तात मात्र नाममात्र. म्हणजे आतड्यात पोचतं ते १० मायक्रोमोलरच्या आतबाहेर. ५० मायक्रोमोलरला पेशी मेल्या, तर त्याचं रुग्णाला काय? मूळ द्रावण हजारपट पातळ केलं की १० मायक्रोमोलर मिळतं आणि डीएमएसओ ०.१ टक्का राहतं. तेवढंच डीएमएसओ कंट्रोलच्या, म्हणजे कर्क्युमिन न दिलेल्या, वेलमध्येही हवं. नाहीतर पेशी कशाने मेल्या ते कळणार नाही. शेजारी ५-फ्लुओरोयुरॅसिल या कर्करोगावरच्या औषधाचे वेल. या ओळखीच्या औषधाने पेशी मेल्या नाहीत, तर अख्खी प्लेट बाद.

इथे चूक नको. सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडतं. १० टक्के सीरम असलं तर आठ तासांनंतरही निम्मं उरतं. सीरम घालायचं विसरलात, तर औषध दिल्यावर ४८ तासांनी आपण मोजतो तो कर्क्युमिनच्या तुकड्यांचा परिणाम.

मोजणी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याने. जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्माझान करतात, त्याने ५७० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला ते वाचायचं. पण कर्क्युमिन स्वतः रंगीत, शिवाय जास्त मात्रेला त्याचा साका बसतो. म्हणून काही वेलमध्ये पेशी न घालता फक्त औषध ठेवायचं आणि तो आकडा वजा करायचा. तरी शंका उरतेच; फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रिपॅन ब्लू घालून पेशी मोजून घ्याव्यात.

पेशी कशा मेल्या हे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, बघताना तर मोठा धोका. कर्क्युमिन हिरवं चमकतं. मरू लागलेल्या पेशीला चिकटणारं ॲनेक्सिन हे प्रथिन हिरव्या रंगाचं वापरलं, तर धडधाकट पेशीही मरणाच्या वाटेवर असल्यासारखी दिसते. तिथे लाल रंगाचं ॲनेक्सिन घ्यावं, आणि औषध दिलेल्या पण न रंगवलेल्या पेशींची एक नळी सोबत चालवावी.

प्लेटवरचं यश रुग्णापर्यंत टिकतंच असं नाही. आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या लहान गाठी) उगवणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हे दुसरं वनस्पतिजन्य द्रव्य दिल्यावर पॉलिपची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. तुलनेला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, नव्हता. २०१८ मध्ये त्याच आजाराच्या ४४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली: एका गटाला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला प्लासिबो, वर्षभर. दोन्ही गटांत पॉलिपच्या संख्येत वा आकारात फरक आढळला नाही.