उकळूनही न जाणारं विष

पावसाळा लागला की आपल्या घराघरांत पाणी उकळून गार केलं जातं. आजीनं लावलेली ही सवय चांगलीच आहे. पण २ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात नेमका उलटा इशारा दिला गेला: नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. ईरी सरोवराच्या काठावरच्या या शहरात लाखो लोक ४ ऑगस्टपर्यंत बाटलीबंद पाण्यावर राहिले.

पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं होतं. यकृताला इजा करणारं हे विष उकळल्यानं नष्ट होत नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं होतं.

हे विष सायनोबॅक्टेरिया तयार करतात. आपण त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो, पण ते खरे जिवाणू. भाताच्या खाचरात नत्र पुरवणारं शेवाळही याच कुळातलं, आपल्याकडे ते खत म्हणून वापरतात. म्हणजे हिरवा तवंग दिसला की तो विषारीच, असं नाही. सूक्ष्मदर्शकालाही हा फरक कळत नाही, कारण मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाच्या दोन पेशी अगदी सारख्या दिसल्या, तरी त्यांतली एकच विष बनवणारी असू शकते.

फरक असतो जनुकांत. सन २००० मध्ये मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जनुकांचा पूर्ण संच वाचून झाला. एकूण दहा जनुकं, डीएनएच्या सुमारे ५५ हजार अक्षरांत मांडलेली. त्यांपैकी ‘एमसीवायई’ हे जनुक तपासणीला फार सोयीचं. पाणी गाळायचं, गाळणीवरच्या पेशी फोडून डीएनए काढायचा आणि पीसीआर यंत्रात या जनुकाच्या प्रती वाढवायच्या. फेरीगणिक प्रती दुप्पट होतात आणि त्याबरोबर मिश्रणातल्या रंगद्रव्याची चमक वाढते. चमक जितक्या लवकर दिसेल, तितकी मूळ पाण्यात ती जनुकं जास्त. कोविडच्या चाचणीमुळे हे तंत्र आपल्या ओळखीचं झालं आहेच.

पण मला इथं आग्रहानं सांगायचंय की जनुक सापडणं म्हणजे विष सापडणं नव्हे. जनुक असलं तरी ते मोडकं असू शकतं, किंवा त्या वेळी काम करत नसेल. पेशी मेल्यावरही तिचा डीएनए काही काळ टिकतो. याच्या उलटही होतं आणि ते जास्त धोक्याचं: पेशी फुटतात, विष पाण्यात विरघळतं आणि गाळणीतून सरळ पार जातं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पाण्याला वास येतो म्हणून धरणात मोरचूद टाकला गेला. शेवाळ मेलं, पण काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुलं. तिथलं विष वेगळं होतं, सिलिंड्रोस्पर्मोप्सिन. त्याच्यासाठी आज ‘सीवायआरए’ हे जनुक तपासतात.

म्हणून जनुकांची आणि विषाची, अशा दोन्ही चाचण्या हव्यात. टोलेडोच्या घटनेनंतर ओहायो राज्यानं सरोवर-नद्यांतून पाणी घेणाऱ्या योजनांना जनुकांची नियमित तपासणी बंधनकारक केली. जनुकांची संख्या चढू लागली की विषाची थेट चाचणी होते. जलशुद्धीकरण केंद्राला तयारीला वेळ मिळतो: पेशी अख्ख्या असतानाच गाळून काढायच्या, त्याआधी क्लोरीन घालून त्या फोडायच्या नाहीत आणि विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कोळशाची भुकटी हाताशी ठेवायची.