सम्राटाच्या नजरेआडचा सेनापती : मार्शल दावू

१४ ऑक्टोबर १८०६ च्या पहाटे जर्मनीतील थुरिंजिया प्रदेशावर दाट धुके पसरले होते. कोझेनचा पूल ओलांडून घाट चढणाऱ्या फ्रेंच पायदळाला पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना नव्हती. हासेनहाउझेन गावाजवळ धुके विरळ होऊ लागले, तेव्हा समोर प्रशिया या जर्मन राज्याची मुख्य सेना दिसली. राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम स्वतः तिच्याबरोबर होता. तिचे बळ सुमारे ६०,००० होते; फ्रेंचांकडे जेमतेम २७,००० सैनिक आणि ४४ तोफा होत्या. त्यांचा सेनापती होता ३६ वर्षांचा, टक्कल पडलेला आणि चष्म्यावाचून लांबचे न दिसणारा मार्शल लुई-निकोला दावू.

दावूचा जन्म १७७० साली बर्गंडीतील एका जुन्या लष्करी घराण्यात झाला. हे उमराव कुळच फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याला भोवले. क्रांतीची बाजू त्याने मनापासून घेतली होती. १७९३ मध्ये सेनापती द्युमुरिये शत्रूला जाऊन मिळाला, तेव्हा दावूच्या बटालियनने त्याच्यावर गोळ्याही झाडल्या. तरीही उमराव म्हणून त्याला काही काळ सैन्य सोडावे लागले. पुढे इजिप्तच्या मोहिमेत तो सेनापती देसे याच्या हाताखाली लढला, आणि १८०४ मध्ये नेपोलियनने पहिले मार्शल नेमले, तेव्हा त्यांत सर्वांत तरुण तोच होता. ही निवड अनेकांना खटकली, कारण तोवर त्याच्या नावावर स्वतंत्रपणे जिंकलेली एकही मोठी लढाई नव्हती.

हासेनहाउझेनजवळच्या त्या लढाईने, म्हणजे औएर्श्टेटच्या रणांगणाने, ती उणीव भरून काढली. दावूच्या तीन डिव्हिजन, म्हणजे काही हजार सैनिकांच्या तुकड्या, एकामागून एक पोहोचत होत्या: आधी सेनाधिकारी ग्युदँ याची, मग फ्रियाँची, शेवटी मोराँची. ग्युदँच्या पायदळाने चौकोन रचून प्रशियाचा सेनानी ब्ल्यूखर याच्या घोडदळाचे हल्ले परतवले. प्रशियाचा सरसेनापती ब्रुन्सविकचा ड्यूक प्राणघातक जखमी झाला आणि त्याच्यामागे हुकूम कोणी द्यायचे, याचाच घोळ झाला. दावूने मात्र आलेली प्रत्येक डिव्हिजन नेमकी हवी तेथे उभी केली आणि दुपारपर्यंत प्रशियाच्या सेनेला माघार घ्यायला लावली. दुसरा फ्रेंच मार्शल बेर्नादोत याचे सैन्य फार दूर नव्हते, पण ते मदतीला आले नाही. या विजयासाठी दावूने आपले सुमारे ७,००० सैनिक मृत वा जखमी होताना पाहिले, म्हणजे दर चारांमागे एकाहून अधिक.

त्याच दिवशी येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या दुसऱ्या, लहान सैन्याचा पराभव केला होता, आणि आपण मुख्य सेनाच मोडली, अशी त्याची समजूत होती. दावूचा निरोप आला तेव्हा ‘तुमच्या मार्शलला एकाचे दोन दिसत असावेत’, असे तो म्हणाल्याचे सांगतात. सम्राटाला खरा प्रकार समजला, बर्लिनमध्ये प्रथम प्रवेश करण्याचा मानही दावूच्या सैन्याला मिळाला. पण अधिकृत वृत्तपत्रकात औएर्श्टेट हा येनाच्या लढाईचाच एक भाग म्हणून मांडला गेला.

एक्म्यूल आणि वाग्राम या १८०९ च्या लढायांनंतर आली रशियाची मोहीम. बोरोदिनो येथे रशियनांच्या डाव्या बगलेला वळसा घालून मागून हल्ला करू द्या, अशी दावूची मागणी होती. नेपोलियनने ती धोक्याची म्हणून नाकारली आणि सैन्य थेट तटबंदीवर धाडले.

दावूच्या ताब्यातील हॅम्बुर्ग शहराला शत्रूने घातलेला वेढा हा या कारकिर्दीतला सर्वांत कठीण भाग आहे. १८१३ च्या हिवाळ्यात, ज्यांच्याकडे अन्नसाठा नव्हता अशा हजारो नागरिकांना दावूने ऐन थंडीत शहराबाहेर काढले. त्यांतील हजाराहून अधिक लोक मरण पावले. लष्करी हिशेबाने शहर टिकले, हे खरे. त्या हिशेबात ही माणसे कुठेच नव्हती, हेही खरे. नेपोलियनने राज्यत्याग केल्यावरही दावूने किल्ला सोडला नाही. नव्या राजाचा आदेश हाती पडल्यावरच, मे १८१४ मध्ये, त्याने ताबा दिला.

१८१५ मध्ये नेपोलियन परतला, तेव्हा दावूला रणांगण हवे होते. सम्राटाने त्याला युद्धमंत्री करून पॅरिसमध्ये ठेवले, त्यामुळे १८ जूनला वॉटर्लूवर तो नव्हता. पराभवानंतर उरलेली सेना त्याच्या हाती आली आणि पॅरिस शत्रूच्या हवाली करण्याच्या ३ जुलैच्या करारात, कोणालाही मागील वर्तनाबद्दल शिक्षा होऊ नये, असे कलम त्याने घालून घेतले. १८१५ मध्ये नेपोलियनला साथ दिल्याबद्दल मार्शल मिशेल ने (Ney) याच्यावर चाललेल्या खटल्यात या कलमाचा आधार घेण्यास न्यायालयाने परवानगी दिली नाही. ७ डिसेंबरला ने याला गोळ्या घातल्या गेल्या. दावूचे वेतन बंद झाले आणि त्याची रवानगी लुव्हिए या लहानशा गावी झाली.