‘मी नाराज नाही’ : शोधाचे आकडे आणि आपण

मंडळी, नमस्कार.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. आमच्या धंद्यात एक चोरटी सवय असायची. ‘कोट्यवधी’ की ‘कोट्यावधी’ असा प्रश्न पडला की कोश काढायचा कंटाळा यायचा. मग दोन्ही रूपं गूगलमध्ये टाकायची आणि ज्याच्या वर सापडलेल्या पानांचा मोठा आकडा दिसे ते बरोबर मानायचं. बरोबर आहे ‘कोट्यवधी’, कोटी अधिक अवधी. पण आकड्याला संधी कुठून कळणार? तो फक्त किती जणांनी लिहिलं ते सांगतो, आणि तेही धड सांगत नाही. त्याकडे येतेच.

या सवयीतून मला दुसरा नाद लागला. अवतरणचिन्हं टाकून शोधलं की शब्द त्याच क्रमाने असलेली पानं समोर येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी ‘मी’पासून सुरू होणारी वाक्यं टाकायला लागले. मी आळशी आहे. मी कष्टाळू आहे. मी डावखुरा आहे. लोक स्वतःबद्दल काय लिहितात, त्याचा हिशोब लागेल असं वाटलं होतं.

आधी त्या आकड्याची लायकी सांगते. त्याच्याआधी ‘सुमारे’ हा शब्द असायचा, तो कुणी वाचत नसे. शोधयंत्र पानं मोजत बसत नाही. त्याची अनुक्रमणिका असंख्य यंत्रांवर वाटलेली असते. थोडा भाग चाळायचा आणि बाकीचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत. २००५ साली जाँ वेरोनिस या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ‘हा शब्द किंवा तो शब्द’ असं शोधलं तर निकाल नुसत्या एका शब्दापेक्षाही कमी भरतात. म्हणजे टोपलीत आंबे किंवा पेरू मोजले तर नुसत्या आंब्यांपेक्षा कमी! दोन वर्षांनी ॲडम किलगॅरिफ या कोशकाराने अशा आकड्यांवर भाषेचं संशोधन करणं हे वाईट विज्ञान आहे, असं बजावलंच. म्हणून आज मी एकही आकडा सांगणार नाही. तुम्ही घरी जाऊन तपासाल, तो दिसलाच तर वेगळा असेल आणि मला फोन कराल.

पण आकडा सोडून त्याच्या खालची वाक्यं वाचायला लागलं, की मजा सुरू होते.

डावखुऱ्यांचंच घ्या. जगात दहातला एक जण डावखुरा असतो. ‘मी डावखुरा आहे’ हे वाक्य माणूस सहज लिहितो. ‘मी उजव्या हाताने लिहितो’ हे तुम्ही कधी कुणाला सांगितलंय? मोडकं हाड प्लास्टरमध्ये असल्याशिवाय नाही. जे सर्रास आहे ते कुणी सांगत नाही, म्हणून ते शोधातही सापडत नाही. दहात नऊ माणसं गायब!

आता माझं लाडकं वाक्य. ‘मी नाराज नाही.’ महाराष्ट्रात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की हे वाक्य पिकतं. ‘मी नाराज आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही. नाराजी दुसऱ्यांनी ओळखायची असते. ज्याला कुणी विचारलेलंच नाही तो ‘मी नाराज नाही’ असं सांगायला कशाला येईल? याच घरातलं दुसरं वाक्य ‘मी पक्षाचा सामान्य कार्यकर्ता आहे’. हे जो म्हणतो तो सामान्य नसतो, ज्याला तिकीट हवंय तो असतो. शिवाय एकाने एकदा म्हटलेलं वाक्य एका संध्याकाळी पंधरा बातम्यांत जसंच्या तसं उतरतं. शोधात पंधरा पानं, माणूस एकच, आणि तोही नाराज.

कधी तर माणूसही नसतो. ‘मी वसंतराव’ असं शोधलंत तर आपली ओळख करून देणारे हजारो वसंतराव भेटणार नाहीत. भेटेल २०२२ सालचा पं. वसंतराव देशपांड्यांवरचा सिनेमा. ‘मी सिंधुताई सपकाळ’चंही तेच. आपल्याकडे चरित्रपटाला ‘मी’ लावायची हौस आहे.

आता जिथे मी सगळ्यात जास्त अडखळले ती जागा. २००६ साली अमेरिकेत जोनाथन हॅरिस आणि सेप कामवार या दोघांनी एक सुरेख उद्योग केला. ब्लॉगमधून ‘आय फील’ असलेली वाक्यं वेचायचं यंत्र त्यांनी बनवलं. मला वाटलं, मराठीत करू या. साचा ठरवला : ‘मी’, मध्ये रिकामी जागा, शेवटी ‘आहे’. हाती काय आलं? मी शिक्षक आहे. मी मूळचा साताऱ्याचा आहे. मी या जमिनीचा मालक आहे. नोकरी, गाव, सातबारा. यावरून कुणी निष्कर्ष काढला असता, की मराठी माणसाला कामं आहेत, भावना नाहीत.

चूक साच्याची होती. आपल्याला राग येतो. भीती वाटते. भूक लागते, झोप येते, आठवण येते, लाज वाटते, कीव येते. यातल्या एकाही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. राग हा पाहुणा, तो माझ्याकडे येतो आणि चहा घेऊन जातो. इंग्रज ‘मी कंटाळलेला आहे’ या घाटाचं वाक्य बोलतो, आपण ‘मला कंटाळा आला’ म्हणतो. म्हणजे मनाचा हिशोब काढायचा तर ‘मी’ नव्हे, ‘मला’ शोधायला हवं होतं. हे कळायला मला, व्याकरणावर पोट असलेल्या बाईला, आठवडा लागला. अलीकडे ‘मी खूप उत्साहित आहे’ हे वाक्य माझ्याकडे तपासायला येतं. मी ते खोडते आणि ‘मला खूप उत्सुकता आहे’ करते. पुढच्या मजकुरात ते पुन्हा हजर असतं.

आपल्या क्रियापदात आणखी एक चुगलखोर आहे. ‘दमलो’ लिहिलं तर पुरुष, ‘दमले’ लिहिलं तर बाई. नाव झाकलं तरी लिंग उघडं. वाटलं, इथे तरी मोजणी सोपी. मग कोल्हापूरची एक मैत्रीण म्हणाली, ‘आमच्याकडं बायका पण “मी आलो” म्हणतात की.’ खरंच म्हणतात. तीच बाई लिहायला बसली की ‘आले’ लिहिते, शाळेत तसं शिकवलंय म्हणून.

आणि जे दिसतच नाही त्याचं काय? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं ‘mi’च्या रोमन अक्षरांत मराठी लिहिलं. त्याआधीचा पुष्कळ मजकूर जुन्या फॉन्टांत अडकला; शोधयंत्राला तो अगम्य खुणांचा ढीग दिसतो. व्हॉट्सॲपवरचं तर शोधात येतच नाही. ‘बऱ्याच’ या शब्दातला अर्धा र सुद्धा संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. माझ्या जातीच्या माणसाला हे रात्री झोपू देत नाही.

शिवाय चारचौघांत लिहिणं वेगळं आणि शोधपेटीत विचारणं वेगळं. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अमेरिकी संशोधकाने ‘माझा नवरा’ या शब्दांपुढे बायका काय लिहितात ते दोन्हीकडे पाहिलं. समाजमाध्यमांवर नवरा सर्वोत्तम, जिवलग मित्र. शोधपेटीत तोच नवरा डोकं खाणारा, दुष्ट. इथे बसलेल्या नवऱ्यांनी घरी जाऊन बायकोचा फोन तपासू नये.

मग मराठी माणूस स्वतःबद्दल सगळ्यात जास्त काय बोलतो? माझा अंदाज आहे, ‘बरं आहे’. कसं चाललंय? बरं आहे. तब्येत? बरी आहे. पण हे शोधायला गेलं की ‘बरं का’, ‘बरं झालं’, ‘नाही आले तर बरं’ यांच्या गर्दीत ते हरवतं. माझी आई फोनवर रोज ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. ती ‘बरी’तला ई किती लांबवते त्यावरून मी ठरवते, रविवारी जायचं की आजच्याच एसटीने निघायचं.