शहरी कंपोस्ट आणि पालेभाजीतले कॅडमियम

श्रोतेहो, नमस्कार. शहरातल्या कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट शेतात टाकावे की नाही, हा शेतकऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनीला अशा खताची गरज आहेच. परंतु ओला आणि सुका कचरा एकत्र कुजवला, की बॅटरीचे सेल, रंगाचे पापुद्रे आणि रंगीत प्लॅस्टिक यांतून शिसे व कॅडमियम हे विषारी धातू खतात उतरतात. कचरा कुजतो, धातू कुजत नाहीत. उलट ढिगाचे वजन घटत जाते, तसे उरलेल्या खतात त्यांचे प्रमाण वाढते.

खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते. ही मर्यादा गाठणारे खत एकरी 4 टन टाकले, तर 20 ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. आकडा किरकोळ वाटेल. मात्र पीक त्यातले फारच थोडे उचलते, बाकीचे बहुतांशी नांगरटीच्या थरातच राहते आणि दर हंगामाला त्यात भर पडते.

शिसे मातीला घट्ट धरून राहते आणि मुळांच्या वर फारसे चढत नाही; पानांवर ते बहुधा धुळीतून येते, म्हणून भाजी धुतल्याचा उपयोग होतो. कॅडमियम मात्र मुळांतून थेट पानांत पोहोचते आणि कितीही धुतले तरी निघत नाही. पालक ते विशेष साठवतो. जमिनीचा सामू (pH) जितका कमी, म्हणजे ती जितकी आम्लधर्मी, तितके ते पिकाला सहज मिळते. त्यामुळे मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात जे खत निभावून जाईल, तेच कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत पालेभाजीला अधिक कॅडमियम पुरवील. आपल्या मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाही 10 ते 30 वर्षे लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या कॅडमियमयुक्त सांडपाण्यावर पिकलेला भात खाऊन अनेकांची हाडे ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ या त्या रोगाचे मूळ प्रदूषणात असल्याचे तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केले. आपल्याकडच्या कंपोस्टची गोष्ट तितकी भीषण नाही, पण धातू तोच आहे.

शहराने न निवडलेल्या कचऱ्याचा भार शेतकऱ्याच्या जमिनीने सोसावा, हे मला अन्यायाचे वाटते. घंटागाडीत ओला कचरा वेगळा पडला, तर हा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. तोवर खत घेताना प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात कॅडमियम व शिशाचे आकडे स्वतंत्र दिले आहेत का, ते पाहावे. खत चाळल्यावर काचेचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या दिसल्या, तर ते मिश्र कचऱ्याचे आहे असे समजून पालकाच्या वाफ्यात मुळीच घालू नये.