काचेवरचं कुटुंब

सिग्नल लाल आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर पांढऱ्या रेघांची माणसं हात धरून उभी आहेत. बाबा, आई, एक मुलगा, एक छोटी मुलगी, शेवटी कुत्रा. प्रत्येकाच्या पायाशी नाव. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली बंपरवर गिर्यारोहण क्लबचा स्टिकर.

सिग्नल सुटेपर्यंत मागच्या अनोळखी माणसाला घरात कोण कोण आहे ते कळलं. मुलं दिवसभर कुठे असतात, सुट्टीच्या दिवशी घराला कुलूप असण्याची शक्यता किती, हेही कळलं. गाडी पार्क झाली की पुढच्या काचेवरचा सोसायटीचा स्टिकर फ्लॅट नंबरही सांगतो.

आता घाबरवण्याच्या गोष्टी बाजूला ठेवू. बहुतेक चोर संधीसाधू असतात. उघडी खिडकी, अंधारं घर त्यांना पुरतं. नुसत्या स्टिकरवरून घर फुटत नाही, आणि आवडत्या संघाचा झेंडा लावला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. घोर लागतो तो माहितीचे तुकडे एकमेकांना जोडले जातात तेव्हा.

त्यातही मुलांच्या नावाची काळजी सर्वांत जास्त. शाळा सुटली आहे, फाटकाशी गर्दी आहे. कुणीतरी हाक मारतं, "सई, आईने पाठवलंय मला. दादा गाडीत बसलाय." सईला वाटतं, हे काका आपल्याला ओळखतात. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हे तिला पाठ आहे. पण नावाने हाक मारणारा माणूस तिच्या लेखी अनोळखी उरतच नाही.

'बेबी ऑन बोर्ड'ची पिवळी पाटी १९८४ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिच्यावर बाळाचं नाव नव्हतं, पत्ताही नव्हता. गाडीत बाळ आहे, जपून चालवा, एवढंच. सांगायचं ते तेवढ्यात सांगून झालं होतं.

आणि हल्ली बघणारे फक्त मागचे ड्रायव्हर नाहीत. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या फोटोत बंपरवरची अक्षरंही येतात. गाडी विकायला काढताना आपण फोटोतली नंबरप्लेट आठवणीने झाकतो. स्टिकर मात्र राहून जातो.

म्हणून नावं काढा. शाळेचं चिन्ह काढा. पार्किंगच्या स्टिकरवर फ्लॅट नंबर छापू नका, असं सोसायटीला सांगा; नुसता अनुक्रमांक पुरतो. बाकीचे स्टिकर खुशाल राहू द्या.

काढणं अवघड नाही. हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटं द्या, गोंद सैल होतो. मग एक कोपरा नखाने उचलून सावकाश ओढत न्या. स्टिकर काचेच्या आतून असेल तर ब्लेड लावू नका, काच तापवणाऱ्या बारीक तारा तिथेच असतात. राहिलेला चिकटपणा तेलाच्या बोळ्याने पुसला जातो.

आधी कुत्रा निघतो. मग सई, मग दादा. काचेवर थोडा वेळ त्यांच्या आकाराची धूळ दिसते, आणि ओल्या फडक्याने तीही जाते.