मासा खातो कुठे आणि टाकतो कुठे

(सोलापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सिद्धेश्वर तलाव घ्या की कंबर तलाव, पाणी हिरवं पडलं की आपण दोघांना धरतो: सांडपाणी आणि जलपर्णी. ते बरोबरच आहे. पण त्याच पाण्यात रात्रंदिवस चरणाऱ्या माशांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आज तेवढाच मांडतो.

पाण्याला हिरवेपणा देतं ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. ते गाळून खातात डॅफ्निया, मोइना असे जेमतेम मिलिमीटरभराचे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. त्यांना खातात लहान मासे आणि कटला, आणि लहान माशांवर डोळा ठेवून असतात मरळ, शिंगाडा असे शिकारी मासे. मासा डोळ्यांनी हेरून खातो, म्हणून आधी मोठा प्लवक जातो. नेमका तोच सगळ्यात जास्त शेवाळ गाळत असतो. ब्रुक्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या तळ्यांवरून हेच दाखवलं: प्लवक खाणारा एलवाइफ मासा जिथे आला तिथे मोठे प्लवक संपले, बारीक तेवढे उरले. पुढे 1985 मध्ये कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या ट्यूसडे तळ्यातले लहान मासे काढून शिकारी बास मासे सोडले. प्लवक मोठे झाले, शेवाळ घटलं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग मरळ सोडू या. थांबा. मरळ हवेतून श्वास घेणारा, काठाच्या गवतात दबा धरून बसणारा मासा आहे. मधल्या उघड्या पाण्यात तो फारसा जातच नाही, तेव्हा तिथल्या थव्यांना त्याचं भय नाही. शिवाय आपल्याकडे चिलापी आहे. 1952 मध्ये भारतात आणलेली ही मोझांबिक टिलापिया. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. शिकाऱ्याने खाल्लेल्याची भरपाई लगेच होते. थंड देशातला प्रयोग उष्ण तळ्यात जसाच्या तसा उतरत नाही, तो यामुळे.

चिलापीचं पोट जरा जवळून बघण्यासारखं आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना खरं जठरच नसतं, त्यामुळे निळं-हिरवं शेवाळ बरंचसं जिवंतच बाहेर पडतं. टिलापियाच्या जठरात आम्लता इतकी चढते की पीएच 2 च्याही खाली जातो आणि शेवाळाच्या पेशी फुटतात. पण हे आम्ल खायला लागल्यावर हळूहळू सुटतं. सकाळचे पहिले घास न पचताच पुढे सरकतात, दुपारचे पचतात. म्हणजे तोच मासा, तेच शेवाळ, पण वेळ बदलली की हिशेब बदलला.

आता टाकण्याचं. सायप्रिनस तळाचा गाळ तोंडात ओढतो, खाण्याजोगं ठेवून बाकीचं थुंकतो. पाणी गढूळ होतं आणि गाळात अडकलेलं फॉस्फरस सुटतं. वर तो पाण्यात हिंडताना अमोनिया आणि फॉस्फेट सोडतो. तळाचं खत असं वर पोचतं. काठावरून टाकलेले चुरमुरे, पिठाच्या गोळ्या याच वाटेने तलावभर पसरतात. श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही, फॉस्फरसवर आहे.

मोठ्या पाण्यात हालचाल ऋतूची असते. उजनीत पावसाळ्यात पूर आला की कटला-रोहू भीमेच्या वरच्या अंगाला अंडी घालायला चढतात. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. स्वीडनच्या क्रांकेशॉन तळ्यातले रोच मासे तर हिवाळ्यात ओढ्यांत निघून जातात, आणि किती गेले यावर वसंतातल्या प्लवकांचं नशीब ठरतं.

हे सगळं तपासायचं कसं? पाणी किती नितळ आहे ते मोजायला 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दुपारी, नावेच्या सावलीच्या बाजूने सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. पावसाळ्यातला आकडा शेवाळाचा मानू नका, तो गाळाचा असतो. 50 ते 60 मायक्रॉनच्या जाळीतून 50 लिटर पाणी गाळून प्लवक मोजा, तेही दिवसा आणि रात्री वेगळं. दिवसा ते खोल जातात किंवा गवतात दडतात, आणि एकाच वेळी मोजलं की तलाव रिकामा वाटतो.

माशाचं पोट तपासताना सगळ्यात मोठी चूक जाळ्याची. रात्रभर लावलेल्या जाळ्यातल्या माशाचं अन्न पहाटेपर्यंत पचून गेलेलं असतं, मग आतड्यात लगदा दिसतो आणि अहवालात 'कुजकट पदार्थ' लिहिलं जातं. दर दोन तासांनी जाळं उचला, मासा लगेच बर्फात घाला, जठर नसलेल्या माशाच्या आतड्याचा पुढचा एक-तृतीयांश भाग तेवढा कापून 10 टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा. मागच्या भागात काय खाल्लं ते ओळखू येत नाही. जाळ्याचे आस, म्हणजे जाळीची भोकंही, दोन-तीन मापांचे हवेत. एकाच मापाचं जाळं एकाच आकाराचे मासे धरतं, आणि बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, निसटली की प्लवक कोण खातंय तेच कळत नाही.